‘सिंपल’ लिहिलं आणि एका बाईची बढती हुकली: राजारामपुरीतल्या इंग्रजी वर्गाबद्दल

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कोअर शॉपची सुपरवायझर आहे. कोअर म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा. २२ वर्षं झाली. हाताखाली ३१ माणसं, त्यात १९ बाया. दर मार्चला प्रत्येकाचा एक फॉर्म भरायचा असतो. पूर्वी तो मराठीत होता. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांची माणसं ऑडिटला यायला लागली तसा तो इंग्रजीत झाला. हजेरी, उत्पादन, रिजेक्शन हे आकड्यांचे रकाने मला कधी अवघड गेले नाहीत. शेवटची चौकट तेवढी नको वाटायची. वर ‘पर्सनॅलिटी’ असं छापलेलं आणि खाली चार कोऱ्या ओळी.

दोन वर्षांपूर्वी त्या ओळींत मी आमच्या एका बाईबद्दल लिहिलं, ‘शी इज व्हेरी सिंपल अँड इनोसंट लेडी.’ माझ्या मनात होतं ते असं: साधी, सरळ, कुणाचं वाईट न चिंतणारी. लाइन इनचार्जची जागा निघाली होती आणि ती तिलाच मिळणार असं मी धरून चालले होते. जागा दुसऱ्याला गेली. चार महिन्यांनी मी वर जाऊन विचारलं, तर बाहेरून आलेल्या नव्या साहेबांनी फाइल काढून माझंच अक्षर माझ्यासमोर धरलं. ‘तुम्हीच तर लिहिलंय. ३० माणसं सांभाळायला अशी बाई कशी चालेल?’ त्यांनी वाचलं होतं ते असं: डोक्यानं बेताची, कुणीही गंडवावं अशी. इंग्रजीत माणसाला ‘सिंपल’ म्हटलं की तो अर्थही निघतो, हे मला ठाऊक नव्हतं.

ही बाई कोण, तर जुलै २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि अर्धी माणसं कामावर पोचलीच नाहीत, तेव्हा आत अडकलेल्या सात जणींना घेऊन जिनं वाळूची पोती नि तयार कोअर वरच्या रॅकवर चढवले, कारण कोअरला ओल धरली की पुढं सगळ्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूनं पडलेली भोकं. कुणी सांगितलं नव्हतं. फोनही लागत नव्हते. त्या बाईला मी ‘सिंपल’ लिहिलं. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

म्हणून मी हा वर्ग लावला. वर्गाचं नाव इथं देत नाही, कारण खाली काही उणिवाही लिहिणार आहे आणि तो एका बाईंनी एकटीनं चालवलेला उद्योग आहे. राजारामपुरीत मेन रोडवरून आत वळलेल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. सहा आठवडे, शनिवार-रविवार संध्याकाळी साडेपाच ते सात, म्हणजे दीड-दीड तासाच्या एकूण १२ बैठका. फी ३,५०० रुपये. आमच्या तुकडीत १४ जण होते. शिकवणाऱ्या बाई कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. हा नेहमीचा स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही. व्याकरण नाही, मुलाखतीची पाठ केलेली उत्तरं नाहीत. विषय एकच: माणूस कसा आहे हे इंग्रजीत नेमकं कसं सांगायचं. एवढ्याच विषयाला सहा आठवडे पुरतात का, अशी शंका मला होती. पुरत नाहीत, हे आता कळलंय.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला कोरा कागद दिला. घरातला एक माणूस डोळ्यांसमोर आणा आणि त्याच्याबद्दल मराठीत शब्द लिहा, ‘चांगला’ हा शब्द सोडून. पंधरा मिनिटांत फळा भरला. भिडस्त, फटकळ, घुमा, लाघवी, तिरसट, बेरकी, खमकी, पापभीरू, उतावळा, चिवट, मनकवडा, आतल्या गाठीचा, हलक्या कानाचा, सढळ हाताचा, नाकासमोर चालणारा. मार्केट यार्डात गुळाची अडत असलेला एक पोरगा होता, त्यानं वडिलांबद्दल ‘कडू बोलून गोड देणारा’ असं लिहिलं, तेही बाईंनी फळ्यावर घेतलं. मोजले तर ७० च्या वर शब्द. मग तेच इंग्रजीत करायला सांगितलं. सगळ्यांचे मिळून ११ निघाले. गुड, नाइस, ऑनेस्ट, जॉली, हार्डवर्किंग, ‘हेल्पिंग नेचर’ आणि असेच. त्यातलं ‘हेल्पिंग नेचर’ तर इंग्रज कधी म्हणतच नाहीत, ते नुसतं ‘हेल्पफुल’ किंवा ‘काइंड’ म्हणतात.

बाई एवढंच म्हणाल्या, ‘माणसं ओळखता तुम्हाला येतात. सामान सगळं नदीच्या अलीकडं आहे. आपल्याला फक्त पलीकडं न्यायचंय.’ या एका वाक्यानं माझी भीती गेली. इतकी वर्षं मला वाटायचं की आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणजे आपल्याला माणसाबद्दल बोलायचाच अधिकार नाही.

तिसरी आणि चौथी बैठक फसव्या शब्दांची होती, आणि माझ्या मते फीचे पैसे तिथंच फिटले. आपण कोल्हापुरात जे इंग्रजी शब्द रोज मराठीत वापरतो, त्यातले किती तरी तिकडं गेल्यावर अर्थ बदलतात. ‘सिंपल’चं मी सांगितलंच. साध्या राहणीचा माणूस असेल तर ‘अनअझ्युमिंग’ किंवा ‘डाउन-टू-अर्थ’ म्हणावं. ‘इनोसंट’ म्हणजे निर्दोष, किंवा जगाचा अनुभव नसलेला, भाबडा. मोठ्या, कर्त्या बाईला तो शब्द शोभत नाही. ‘होमली’ स्थळाच्या बायोडेटात आपण घरंदाज, घर सांभाळणारी या अर्थानं घालतो. तुकडीतल्या एका मुलीच्या बायोडेटात तो होताच. अमेरिकेत ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताची, आणि तिचं स्थळ नेमकं अमेरिकेतलं होतं. तिनं तिथंच फोनवर फाइल उघडून तो शब्द खोडला. ‘टिपिकल’ आपण खडूस किंवा विक्षिप्त माणसाला म्हणतो, इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता ‘ठरावीक नमुन्याचा’. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे हळवा, ‘सेन्सिबल’ म्हणजे समंजस. ऐकायला भावंडं, पण स्वभाव दोन. ‘चाइल्डिश’ हा दोष आहे आणि ‘चाइल्डलाइक’ हे कौतुक. ‘कनिंग’ मी ‘हुशार’ म्हणून वापरत आले होते. तो धूर्त, लबाड असा आहे. चाणाक्ष म्हणायचं असेल तर ‘श्रूड’ किंवा ‘ॲस्ट्यूट’.

शब्द असे का घसरतात, हेही बाईंनी सांगितलं. ‘नाइस’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘अजाण’ अशा अर्थाच्या शब्दावरून आला, आणि मध्ययुगातल्या इंग्रजीत तो ‘मूर्ख’ म्हणून वापरायचे. ‘सिली’ त्याच्या उलट गेला: मूळ अर्थ धन्य, सुखी, आणि आज अर्थ वेडगळ. मग बाईंनी आपल्याकडचं उदाहरण दिलं. संस्कृतात ‘साहस’ म्हणजे अविचारानं केलेलं कृत्य, धर्मशास्त्रात तर तो बळजबरीच्या गुन्ह्याला लावलेला शब्द. मराठीत आपण साहसी मुलाला शाबासकी देतो. हे ऐकून वर्गातल्या प्राथमिक शिक्षिका म्हणाल्या, ‘म्हणजे शब्दसुद्धा बिघडतात आणि सुधारतात.’ मला ते वाक्य फार आवडलं.

पुढची बैठक पायऱ्यांची. एकच गुण, पण बोलणारा कुठं उभा आहे त्यावर शब्द ठरतो. बर्ट्रांड रसेल या तत्त्वज्ञानं १९४८ मध्ये बीबीसीवर याचा एक नमुना दिला होता. त्याचा आशय असा: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो डुकरासारखा आडमुठा मूर्ख आहे. वागणं तिघांचं एकच. बाईंनी मग पैशाची शिडी करून घेतली. मराठीत काटकसरी, हात आखडता, चिक्कू, कवडीचुंबक. इंग्रजीत थ्रिफ्टी, फ्रूगल, टाइट-फिस्टेड, मायझरली. ‘टाइट-फिस्टेड’ म्हणजे आवळलेल्या मुठीचा, म्हणजे आपला हात आखडता माणूस नदीपलीकडं तसाच भेटला. शरीराच्या अवयवावरून स्वभाव सांगायची खोड दोन्ही भाषांना आहे. ‘थिक-स्किन्ड’ म्हणजे गेंड्याच्या कातडीचा, ‘बिग-हार्टेड’ म्हणजे मोठ्या मनाचा, ‘टू-फेस्ड’ म्हणजे पोटात एक आणि ओठांत एक. हे जोडशब्द मला सगळ्यांत लवकर पाठ झाले, कारण पाठ करायचं काही उरलंच नव्हतं.

त्या रात्री घरी येऊन मी जुन्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून बसले. एका माणसाबद्दल मी सलग तीन वर्षं ‘स्टबर्न, आर्ग्युइंग’ लिहिलं होतं. हा माणूस बारीक चीर गेलेला कोअर पुढं जाऊ देत नाही. मोल्डिंगची माणसं खोळंबली, आरडाओरडा झाला तरी देत नाही. माझ्याशीसुद्धा भांडतो. शिडीवर मी त्याला तिसऱ्या पायरीवर उभं केलं होतं. त्याची जागा पहिलीवर होती: ‘फर्म’, आणि कामाच्या दर्जाबद्दल ‘अनकॉम्प्रमायझिंग’. भांडतो तेव्हा मला राग येतो. तो राग माझा, आणि तीन वर्षं मी तो त्याच्या नावावर लिहीत होते.

याच बैठकीत बाई बायकांच्या बाबतीत एक गोष्ट बोलल्या. पुरुष ठासून बोलला तर ‘असर्टिव्ह’, बाई ठासून बोलली तर ‘बॉसी’. ‘बॉसी’ हा शब्द पुरुषांसाठी फारसा कुणी वापरत नाही. ‘फायस्टी’ कौतुकानं म्हणतात, पण त्यात लहान पोराच्या पाठीवर थोपटल्यासारखा सूर असतो. आमच्याकडच्या खमक्या बाईला काय म्हणायचं, यावर बराच वेळ गेला. ‘फॉर्मिडेबल’ बरा वाटला, तरी त्यात जरब जास्त आणि माया कमी. खमकी बाई वेळेला पदर खोचून तुमच्या बाजूनं उभी राहते, ते त्यात नाही.

आता ज्या बैठकीनं मला वर्गात माझी जागा मिळाली, तिच्याबद्दल. शब्दांची मुळं हा विषय होता. ‘कॅरॅक्टर’ हा ग्रीक शब्द, अर्थ कोरलेली खूण, शिक्क्याचा ठसा. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस यानं त्याच नावाखाली माणसांचे ३० नमुने लिहून ठेवलेत. ‘पर्सनॅलिटी’ लॅटिन ‘पर्सोना’वरून, म्हणजे नटाचा मुखवटा. मग ग्रीकांचे चार द्रव आले: रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. ज्याच्यात जे जास्त तसा त्याचा स्वभाव. त्यावरून ‘सँग्विन’ म्हणजे आनंदी, आशावादी, ‘फ्लेगमॅटिक’ म्हणजे थंड, संथ, ‘कोलेरिक’ म्हणजे तापट, ‘मेलँकोलिक’ म्हणजे उदास. वैद्यकातली ती कल्पना केव्हाच मोडीत निघाली, शब्द मात्र राहिले. आपल्या वात-पित्त-कफाशी हे किती जवळचं आहे हे सांगायलाच नको. आजही मालकाचं पित्त खवळलं की कोअर शॉपपर्यंत बातमी येते.

आणि मग बाईंनी ‘टेम्पर’ हा शब्द घेतला. मूळ लॅटिन अर्थ योग्य प्रमाणात मिसळणं. म्हणून पोलादाला पाणी दिल्यावर पुन्हा ठरावीक तापमानाला तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात, तेही टेम्परिंग. आणि म्हणूनच ‘टेम्पर हरवणं’ म्हणजे चिडणं: मनाचं मिश्रण बिघडलं. त्यानंतर ‘मेटल’. धैर्य, जिगर या अर्थाचा एक इंग्रजी शब्द आहे, आणि धातू या अर्थाचा दुसरा. स्पेलिंग वेगळं, उच्चार एक, कारण मुळात तो एकच शब्द होता. देवनागरीत लिहिला तर आजही एकच आहे.

मी हात वर केला. १२ बैठकांत पहिल्यांदाच. वर्गात ‘हार्ड’ आणि ‘टफ’ यांत घोळ चालला होता आणि हा तर माझा रोजचा धडा. फळ्यावर दोन गोल काढले. एकात ग्रॅफाइटच्या पाकळ्या काढल्या, हे ग्रे आयर्न. घाव बसला की पाकळीच्या टोकाशी चीर सुरू होते आणि तुकडा पडतो. दुसऱ्यात ग्रॅफाइटचे गोळे काढले. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम दिलं की पाकळ्यांचे असे गोळे होतात, हे एसजी आयर्न. ते आधी वाकतं, सोसतं. हार्डनेस मोजायला पृष्ठभागावर गोळी दाबून खळगा किती पडला बघतात. टफनेस मोजायला नमुना घाव घालून मोडतात आणि मोडायला किती जोर लागला ते बघतात. हार्ड माणसावर ओरखडा उठत नाही, पण तो एका घावात तुटू शकतो. टफ माणसावर ओरखडे असतात आणि तो तुटत नाही. एका खाजगी दवाखान्यातली नर्स मागच्या बाकावर होती, ती म्हणाली, ‘ताई, माझी आई टफ. आजवर मी तिला हार्ड म्हणत होते.’ बाईंनी ते दोन गोल पुढच्या तुकडीसाठी वहीत उतरवून घेतले.

आता उणिवा, कारण त्या आहेत.

याच बैठकीत बाईंनी ‘सिन्सिअर’ शब्दाची गोष्ट सांगितली. रोममध्ये मूर्तिकार संगमरवरातल्या चिरा मेण भरून लपवायचे, म्हणून खरा माल तो ‘बिनमेणाचा’, आणि त्यावरून शब्द आला. मला ती गोष्ट काळजाला लागली, कारण ब्लोहोल पुटी भरून झाकलेलं कास्टिंग मी पाहिलंय आणि ते करणाऱ्याला कामावरून जाताना पण पाहिलंय. घरी मुलाकडून मोठ्या शब्दकोशात शोधून घेतलं. ही व्युत्पत्ती शब्दकोशकार मानत नाहीत. लॅटिनमधल्या ‘शुद्ध, निर्भेळ’ अशा अर्थाच्या शब्दावरून तो आलाय, मेणाच्या गोष्टीला पुरावा नाही. पुढच्या शनिवारी मी बाईंना दाखवलं. त्यांनी वर्गासमोर चूक मान्य केली, हे त्यांच्या मोठेपणाचं. पण शिकवण्याआधी तपासायला हवं होतं.

दुसरं, छापील पुस्तिका. ३०० शब्द एबीसीडीच्या क्रमानं. तिचा मला काही उपयोग झाला नाही. माणूस समोर येतो तेव्हा एबीसीडीनं येत नाही. वर्गात शिड्या करून शिकवता, मग पुस्तिकेतही शिड्या छापा. शिवाय तिच्यात ‘सेन्सिबल’समोर ‘संवेदनशील’ छापलंय. ज्या सापळ्यापासून बाई वर्गात आम्हाला वाचवतात तोच सापळा पुस्तिकेत लावून ठेवलाय.

तिसरं, एक अख्खी बैठक १६ प्रकारांच्या एका प्रश्नावलीत गेली, ती चार अक्षरांत तुमचा स्वभाव सांगणारी. पोरांना मजा आली. माझे ते दीड तास फुकट गेले. ती स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकातल्या कल्पनांवर इझाबेल मायर्स आणि तिची आई कॅथरीन ब्रिग्ज यांनी बेतली. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे ‘इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट’ युंगमुळेच सगळीकडं पोचले. पण बहुतेक माणसं मधे कुठं तरी असतात, त्यांना दोनपैकी एका पेटीत कोंबलं जातं, आणि तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा सोडवली तर अनेकांची अक्षरं बदलतात, अशी टीका अभ्यासकांनीच केलेली आहे. वर्गात तसंच झालं: मधल्या बाकावरच्या एमबीएच्या मुलाची कॉलेजात आलेली अक्षरं वेगळी होती. त्याच बैठकीच्या शेवटच्या दहा मिनिटांत बाईंनी जे सांगितलं त्यावर खरं तर दीड तास द्यायला हवा होता. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी वेबस्टरचा मोठा शब्दकोश चाळून माणसाचं वेगळेपण सांगणारे १७,९५३ शब्द वेचले. त्यातले साडेचार हजारांच्या आसपास कायमच्या स्वभावाचे. पुढं इतरांनी त्यांची गाळणी करत करत पाच मोठ्या गुणांपर्यंत आणलं: नव्याची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मिळतंमिळवतं घेणं, आणि मनाची अस्थिरता. यात पेट्या नाहीत, पट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठं तरी असतो. मला फॉर्म भरताना हेच उपयोगी पडलं.

बाकी किरकोळ. साडेपाच म्हणजे पावणेसहा. पंखा एकच, तो बाईंच्या डोक्यावर. खाली गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. जिना अरुंद आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा.

उच्चारांवर बाई कसून मेहनत घेतात. ‘कॉन्शिएन्शस’ हा शब्द माझ्या तोंडात बसायला दोन शनिवार गेले. ‘कॉन्शस’ म्हणजे शुद्धीवर असलेला, भान असलेला, ‘कॉन्शन्स’ म्हणजे सदसद्विवेक, आणि ‘कॉन्शिएन्शस’ म्हणजे मनाला लावून काम करणारा. उलट अर्थाचे शब्द कसे होतात तेही त्यांनी सोपं करून दिलं. ‘पेशंट’चं ‘इम्पेशंट’, ‘रिस्पॉन्सिबल’चं ‘इरिस्पॉन्सिबल’, ‘लॉजिकल’चं ‘इलॉजिकल’. पुढचं अक्षर बघून मागचं बदलतं. शाळेत शिकलेला संधीच आहे तो, सत् आणि जन मिळून सज्जन.

शेवटचा आठवडा जपून बोलण्याचा. थेट दोष लिहायचा नाही, ‘टेंड्स टू’, ‘कॅन बी’, ‘अ बिट’ असे शब्द लावून धार कमी करायची. एखादा पोरगा बोलत नाही, तर ‘डल’ लिहू नका, ‘ऑन द क्वाएट साइड’ लिहा. सुरुवातीला मला हे गुळमुळीत वाटलं. आम्ही कोल्हापूरची माणसं, तोंडावर बोलतो आणि संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितो. पण फॉर्मवरच्या शब्दाला ती संध्याकाळ नसते. तो फाइलीत जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. बाईंचा दुसरा नियम मला अजून मोलाचा वाटतो: प्रत्येक विशेषणामागं एक प्रसंग लिहायचा. ‘रिलायबल’ लिहिलंत तर कधी, काय केलं, ते पुढच्या ओळीत. प्रसंग आठवत नसेल तर विशेषण खोडा.

पाचपैकी चार तारे देते. एक तारा पुस्तिका आणि त्या प्रश्नावलीपायी कापलाय. ज्यांना दुसऱ्यांबद्दल इंग्रजीत लिहावं लागतं, म्हणजे प्रगतिपुस्तकावर शेरे लिहिणारे शिक्षक, शिफारसपत्रं देणारे, आमच्यासारखे सुपरवायझर, त्यांनी जरूर जावं. मुलाखतीत फाडफाड बोलायचं असेल तर हा वर्ग त्यासाठी नाही. आणि एक मागणी बाईंपर्यंत पोचावी: मराठी शब्दाकडून इंग्रजीकडं जाणारी एक पूर्ण बैठक ठेवा. ‘हलक्या कानाचा’ म्हणजे ‘गलिबल’ असं पुस्तिकेत आहे, पण ते अर्धंच आहे. गलिबल माणूस कशालाही फसतो. हलक्या कानाचा माणूस फक्त चुगलीला फसतो, आणि फौंड्रीत तो फार नुकसान करतो.

या मार्चला मी ३१ फॉर्म भरायला नऊ रात्री घेतल्या. आधी दोन रात्रींत उरकायचे. चीर गेलेला कोअर अडवणाऱ्याला त्याचा शब्द मिळाला. महापुरातल्या बाईबद्दल लिहिलं: ‘कॉन्शिएन्शस, लेव्हल-हेडेड’, आणि खाली प्रसंग दोन. एक २०२१ चा, जुना असला तरी लिहिला, आणि एक गेल्या दिवाळीच्या आधीचा: प्रत्येक कोअरचा व्हेंट, म्हणजे वायू बाहेर पडायची वाट, तारेनं तपासल्याशिवाय ती पुढं देत नाही, आणि नव्या पोरींनाही तीच सवय तिनं लावली. फॉर्म वर पाठवायच्या आधी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘ताई, ह्ये समदं माझ्याबद्दल लिवलंयसा?’ मग म्हणाली, ‘पुन्हा एकदा वाचा की.’ मी पुन्हा वाचला.

एक चौकट मात्र शेवटपर्यंत कोरी राहिली. दुसऱ्या पाळीतला एक पोरगा आहे, २४ वर्षांचा. कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला. दुसऱ्याची पाळी करतो, उसने दिलेले पैसे परत मागत नाही, स्वतःचा डबा दुसऱ्यापुढं सारतो आणि भूक नाही म्हणतो. मराठीत एक शब्द पुरतो: भिडस्त. ‘शाय’ नव्हे, तो बोलका आहे. ‘टिमिड’ नव्हे, भट्टीपुढं तो कुणाला हार जात नाही. बाईंना फोन केला. त्याही थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘नाही हो, एका शब्दात नाही मिळत.’ मग मी विशेषण लिहिलंच नाही. त्या चार ओळींत इंग्रजीत लिहिलं, की या मुलाला जादा पाळी द्यायची असेल तर त्याला विचारू नका, कारण तो हो म्हणेल. आधी हजेरीपट बघा, आणि या महिन्यात त्यानं किती केल्या ते मोजा.